एक वेढा, दोन वेढे

पुणे, २२ जून १९३६

स्वारींच्या पायांवर नंदाचं डोकं.

मी सुखरूप पोचले. महिपतीदादाने माझी पेटी स्टेशनापासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत डोक्यावर आणली आणि तिथेच उतरवली. म्हणाला, "आत समदं बायांचं राज्य दिसतंय. मी न्हाई येत." आल्या पावली माहेरी वराळ्याला परत गेला. मला रडू आलं, पण फाटकावरचा पहारेकरी बघत होता म्हणून पदर सावरून आत गेले.

आम्ही चौदा शिकाऊ मुली आहोत. माझ्या शेजारची खाट मेहमुदाची. ती सोमाटण्याची, चाँदभाई किराणावाल्यांची लेक. तुम्ही त्यांच्याकडून एकदा काडेपेट्या आणल्या होत्या. आपल्याच मुलखातली मिळाली म्हणून बरं वाटतं.

खाटा घालणं, आजाऱ्याला कुशीवर वळवणं, पट्ट्या बांधणं हे मला येऊ लागलं आहे. औषधांचा विषय मात्र डोक्यावरून जातो. सगळी नावं इंग्रजी, त्यातही अर्धी तोडलेली. सिस्टरबाई मराठीत सांगतात, पण इतक्या भरभर की एक नाव लिहून होईतो पुढची तीन निघून जातात. डिसेंबरात पहिल्या वर्षाची परीक्षा आहे.

घरी सासूबाई अबोला धरून बसल्या असतील. त्यांना सांगा, आपलं बाळ गेलं तेव्हा दाराशी जाणती बाई असती तर ते आज अंगणात रांगलं असतं. मी त्याचसाठी आले आहे. तुम्ही त्यांच्यासमोर "जाऊ दे तिला" म्हणालात, ते मी कधी विसरणार नाही. तुमचा एवढ्या वर्षांचा कंपाउंडरीचा हात आहे. मला पत्रांतून थोडं शिकवाल का?

तुमची,
नंदा


लोणावळे, २८ जून १९३६

सौ. नंदास आशीर्वाद.

तुझं पत्र मी डॉक्टरसाहेबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सोपान, तू मास्तर झालास की रे!" आईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण तू जेवतेस काय ते दोनदा विचारलं.

शिकवतो. पहिला धडा हा की बाटली उचलताना, ओतताना आणि परत ठेवताना, तिन्ही वेळा तिच्यावरची चिठ्ठी वाचायची. ओतताना चिठ्ठीची बाजू तळहाताकडे, म्हणजे ओघळ चिठ्ठीवरून जात नाही. विषारी औषधाच्या बाटलीला बाहेरून कंगोरे असतात. डोळा चुकला तरी बोटांना कळावं म्हणून.

आता नावं. फिटांच्या रोग्याला देतात ते पॉट ब्रोम. पॉट म्हणजे इंग्रजीत भांडं. ते भांड्यात आटवून करतात, म्हणून तसं नाव पडलं. असा अर्थ लावून पाठ केलंस की विसरणार नाहीस. बाकीची यादी मागे लिहिली आहे.

डॉक्टरसाहेब मागच्या खोलीत बाळंतिणींसाठी दोन खाटा टाकायचं म्हणताहेत. तू पास झालीस तर तिथे तुझी सोय होईल. बाजारात मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

सोपान


पुणे, ३० ऑगस्ट १९३६

स्वारींना नमस्कार.

एक गंमत सांगते, रागावू नका. मी वर्गात पॉट ब्रोमचा अर्थ सांगितला, तुम्ही लिहिला होता तसाच. सिस्टरबाईंनी विचारलं, "हे कोणी शिकवलं?" मी अभिमानाने तुमचं पत्रच काढून दिलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि खुर्चीला धरून हसल्या. म्हणाल्या, पॉट म्हणजे पोटॅशियम, नाव चिठ्ठीवर मावत नाही म्हणून तोडलेलं. "तुझ्या नवऱ्याला बाटलीवर दिसतं तेवढंच माहीत!" सगळा वर्ग हसला. खोटं कशाला सांगू, मीही हसले. भांड्यात आटवणारे तुम्ही डोळ्यांसमोर आलात! मुली आता मला पॉटवाली म्हणतात.

दुसरी आनंदाची गोष्ट. लोणावळ्यात बंगला असलेल्या त्या पारशी डॉक्टरीणबाई इथे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, दोन खाटांची सगळी जबाबदारी तुमचे डॉक्टर माझ्यावर टाकणार. औषध हवं तेव्हा मी चिठ्ठी द्यायची आणि कंपाउंडरने त्याप्रमाणे भरून द्यायचं. म्हणजे तुम्ही माझ्या हाताखाली! सासूबाईंना सांगू नका हं.

एकच अडचण आहे. मापाच्या त्या दोन खुणा. दोन्ही इंग्रजी तीनच्या आकड्यासारख्या, एकीला वर एक वेढा, दुसरीला दोन. यातली ड्रामची कुठली आणि औंसाची कुठली? तो धडा झाला त्या दिवशी मी तापाने पडले होते. पॉटवालीच्या प्रकारानंतर वर्गात विचारायला जीभ उचलत नाही. तुम्हीच सांगा.

नंदा


लोणावळे, १२ सप्टेंबर १९३६

सौ. नंदास आशीर्वाद.

राग कसला? तुम्ही हसलात, चार घटका करमणूक झाली. डॉक्टरीणबाईंनी तीच गोष्ट इथे आमच्या डॉक्टरसाहेबांना सांगितली, त्यांनी ती औषध घ्यायला आलेल्या मंडळींना सांगितली. परवा स्टेशनावरचा बजरंग हमाल खिडकीतून ओरडला, "काय कंपाउंडर, भांडं चढवलं का चुलीवर?" लोक हसले. मीही हसलो.

तुझ्या दोन खुणांचं. नीट लक्ष देऊन वाच. एक वेढा तो औंस. दोन वेढे तो ड्राम. आठ ड्रामांचा एक औंस, म्हणजे ड्राम धाकटा. घरात धाकट्या लेकीलाच जास्त बांगड्या भरतात ना, तसं धाकट्या मापाला जास्त वेढे. हे ध्यानात ठेव म्हणजे जन्मात चुकणार नाहीस.

आणि हे कोणाला विचारत बसू नकोस. पुन्हा हसतील. माझ्यावर हसले ते ठीक, तुझ्यावर हसलेले मला खपणार नाही.

सोपान


पुणे, ५ ऑक्टोबर १९३६

स्वारींना नमस्कार.

धाकटीच्या बांगड्या पाठ झाल्या. अंथरूण घालताना, तांदूळ निवडताना तेच म्हणत असते. पण काल मेहमुदाशी माझं कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणते, तू उलटं पाठ केलंस. मी म्हटलं, तुझ्या घरात किराणा विकतात, माझ्या घरात औषधं. माझा माणूस आज इतकी वर्षं मापं हाताळतो आहे, तो चुकेल? ती पाठ फिरवून झोपली.

तिच्या तोंडावर मी तुमची बाजू धरली खरी, तरी मनात कुसळ राहिलं. पुढच्या महिन्यापासून मला औषध वाटपावर घालणार आहेत. एकदा खात्रीने कळवा, दोन ओळी लिहिल्यात तरी पुरे.

नंदा


लोणावळे, ९ ऑक्टोबर १९३६

मी लिहिलं तेच बरोबर आहे. किराणावाल्याच्या पोरीचं ऐकायचं की नवऱ्याचं, ते तू ठरव.

सोपान


पुणे, १८ नोव्हेंबर १९३६

स्वारींना नमस्कार.

अक्षर लागलं नाही तर माफ करा.

आमच्याकडच्या रोग्यांच्या खोलीत अंबूबाई म्हणून एक म्हातारी होती, आपल्या मावळातल्या तिकोणा पेठ गावची. भाताच्या खाचराच्या बांधावरून पडून तिचं मांडीचं हाड मोडलं होतं. मी मावळची कळल्यापासून ती मला सोडायची नाही. "तू आपल्याकडली हायेस, तूच वळव गं मला. ह्या दुसऱ्या पोरी लय हिसके देत्यात." मुलगा कोंडाजी आठ-पंधरा दिवसांनी चालत यायचा, तिच्यासाठी नाचणीची भाकरी आणायचा.

शुक्रवारी तिला कळा सोसवेनात. दुपारी डॉक्टरांनी झोपेचं औषध लिहून दिलं आणि ते शस्त्रक्रियेला गेले. मोठ्या नर्सबाईंनाही तिकडेच बोलावलं. जाता जाता त्या म्हणाल्या, "अंबूबाईचं तेवढं देऊन टाक." खाटेवरच्या तक्त्यावर एक वेढ्याची खूण होती. मी बाटली तिन्ही वेळा वाचली, चिठ्ठी तळहाताकडे धरली आणि औंसभर मोजून दिलं. गोड असतं ते. अंबूबाई ओठ चाटून म्हणाली, "चांगलं लागतंय. आनखी हाय का?"

ती झोपली. मला बरं वाटलं, सुटली बिचारी कळांतून. दिवेलागणीला मी पाणी घेऊन गेले तर ओठ निळे पडले होते. डॉक्टर धावत आले, पण काही उपयोग झाला नाही.

माझ्या हातून आठपट औषध पाजलं गेलं होतं. एक वेढा म्हणजे ड्राम. मेहमुदाचं बरोबर होतं.

मेट्रनबाईंनी विचारलं, "तुला हे कोणी शिकवलं?" तुमचं नाव माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. पण कंपाउंडरला मापं कळत नाहीत अशी बोंब झाली तर तुम्हाला कोण ठेवून घेईल? तुमच्या हातून नकळत चूक झाली, तिच्यापायी तुमचं आयुष्य का बुडावं? मी म्हटलं, माझं मीच चुकीचं पाठ केलं. तसं लिहून त्यावर सही केली. कोंडाजीला त्यांनी सांगितलं की म्हातारीचं हृदय बंद पडलं. तो माझ्या पाया पडला. म्हणाला, "तुमी लय केलंत बाई तिचं."

मला काढून टाकलं आहे. तुम्ही स्वतःला दोष लावून घेऊ नका. मी सांभाळून घेतलं आहे सगळं.

नंदा


लोणावळे, २१ नोव्हेंबर १९३६

सौ. नंदास आशीर्वाद.

झालं ते झालं. घरी निघून ये. असल्या कामाला डोकं लागतं, ते प्रत्येकाला नसतं. मी पहिल्यापासून आईला हेच सांगत होतो.

सही केलीस ते योग्य केलंस. आता त्या म्हातारीच्या माणसांच्या वाटेला जाऊ नकोस. डॉक्टरसाहेबांना मी कळवलं की तुझ्या हातून रोगी गेला. ते फार नाराज झाले. दोन खाटांचा विचार त्यांनी सोडला. लोक विचारतात, बायको का परत येते आहे? मला सांगावं लागतं. लपवून तरी किती लपवणार?

येताना तो पांढरा पोशाख आणू नकोस. आईला बघवणार नाही.

सोपान


वराळे, ९ जानेवारी १९३७

तुम्हाला,

मी न सांगता निघून आले, म्हणून तुम्ही गावभर सांगताहात की मला वेड लागलं. मी का निघाले ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी लिहिते, म्हणजे दोघांच्याही मनात एकच गोष्ट राहील.

घरी आल्यापासून सासूबाई माझ्या हातचं पाणी पीत नव्हत्या. "मानसं मारून आली," असं पाणवठ्यावर बोलायच्या, मला ऐकू जाईल असं. शेजारच्या शालूबाईला कळा सुरू झाल्या तेव्हा मी धावत गेले, तर तिच्या आईने दार लावून घेतलं. मी म्हटलं, सोसायचं. माझ्या हातून जीव गेला आहे.

मंगळवारी तुम्ही डबा विसरलात म्हणून मी दवाखान्यात आले. खिडकीशी गर्दी होती. रेल्वेतल्या एका खलाशाची बायको पोराला कडेवर घेऊन उभी होती. तिची चिठ्ठी तुमच्यापुढे होती आणि मी तुमच्या पाठीशी. चिठ्ठीवर एक वेढा होता. तुम्ही चमच्याएवढं माप घेतलंत, भरलंत आणि पेल्यात ओतलंत. जरासुद्धा अडला नाहीत.

मी विचारलं, "ही खूण कसली?"

तुम्ही वर न बघता म्हणालात, "ड्राम."

मग तुम्ही मागे बघितलंत.

गर्दी सरल्यावर मागच्या खोलीत मी तुम्हाला विचारलं, "केव्हापासून माहीत आहे?" तुम्ही म्हणालात, "कंपाउंडरला हे पहिल्या दिवशी शिकवतात." मी म्हटलं, "मग मला उलटं का सांगितलंत? मी खात्रीसाठी पुन्हा विचारलं होतं." तुम्ही डब्याचं झाकण काढलंत, भाकरी मोडलीत आणि म्हणालात, "मला वाटलं, नापास होशील आणि घरी येशील. तुझ्या हातात बाटली देतील हे मला काय ठाऊक? वर्गात बसून नवऱ्यावर हसताना गोड लागलं होतं ना?"

आणि तुम्ही जेवायला लागलात. ते मी बघत उभी राहिले. तुम्हाला भूक होती.

मी तुमची चूक पदरात घेतली होती. चूक नव्हतीच ती. मी मेट्रनबाईंना सगळं कळवणार आहे.

नंदा


लोणावळे, १५ जानेवारी १९३७

नंदास,

खुशाल कळव. त्या काय म्हणतील तेही मीच सांगतो. त्यांच्याकडे तुझ्या सहीचा कागद आहे. तू स्वतः लिहून दिलंस की कोणी शिकवलं नाही, माझं मीच चुकले. आता दोन महिन्यांनी नवऱ्याशी भांडून माहेरी बसलेली बाई उलटं सांगते. कोण विश्वास ठेवणार? शिवाय म्हातारी हृदयाने गेली असं त्यांनीच तिच्या मुलाला सांगितलं. आपलंच खोटं त्या कशाला उकरतील?

तुझ्याकडे माझी पत्रं असतील. मी म्हणेन, कंपाउंडर साधा माणूस, लिहिताना उलटं पडलं. बायको शिकलेली, तिने ताडून का घेतलं नाही? सगळं पुणं एकदा माझ्यावर हसलं आहे, आणखी एकदा हसेल. तुझ्यावर मात्र हसणार नाही, थुंकेल.

तेव्हा शहाणी असशील तर ये. संक्रांतीला तू घरात नव्हतीस, आईला चार बायकांत मान खाली घालावी लागली. तिने तुंगीकडची एक मुलगी बघून ठेवली आहे. तू आलीस तरी ती येणारच, पण कामाला दोघी बऱ्या. महिपती तुला किती दिवस ठेवून घेईल? त्याच्या बायकोलाही आणखी लेकरं व्हायची आहेत आणि तुझा हात कसा आहे हे तिच्या कानांवर गेलंच असेल. गेलं नसेल तर जाईल.

सोपान


वराळे, २ फेब्रुवारी १९३७

सोपान,

नाव घेतलं. आता घ्यायला माझी काही हरकत नाही.

तुझं म्हणणं खरं निघालं. मेट्रनबाईंचं उत्तर आलं, चार ओळींचं. प्रकरण मिटलं आहे, पुन्हा लिहू नये. मेहमुदा पास झाली. तिने वेगळं पत्र पाठवलं, त्यात ती माझ्यासाठी रडली आहे. पण तिने सिस्टरबाईंकडे शब्द टाकावा असं मी विचारलं होतं, त्यावर काही लिहिलेलं नाही. तिचंही बरोबर आहे. तिला तिथेच राहायचं आहे.

वहिनीच्या कानांवरही तू म्हणालास तसं गेलं. परवापासून ती तिचा धाकटा माझ्याकडे देत नाही.

म्हणून मी तिकोणा पेठेला गेले. महिपतीदादाने कामशेतहून गाडी बघून दिली, पुढे मी चालत गेले. कोंडाजी अंगणात दोर वळत होता. मला बघून उठला, घोंगडी टाकली, बायकोला हाक मारली, "अगं, आईचं करनाऱ्या बाई आल्यात. पानी आन."

पाणी आलं. मी प्याले नाही. मी सांगितलं, तुझी आई हृदयाने गेली नाही, मी तिला आठपट औषध पाजलं. त्याच्या बायकोने माझ्यासमोरचा तांब्या उचलला आणि आत नेला. कोंडाजी खाली बसला. मग म्हणाला, "आन् मी तुमच्या पाया पडलो."

मी म्हटलं, "व्हय."

"मुद्दाम केलंत?"

"मी न्हाई."

मग मी त्याला तुझं सांगितलं. वर्गात हसले तेही सांगितलं, मला उलटं शिकवलंस तेही, मी पुन्हा विचारलं तेव्हा तू दोन ओळी लिहिल्यास तेही आणि तू भाकरी खाल्लीस तेही. तू लिहिलं होतंस की माझ्या सहीपुढे कोण विश्वास ठेवणार. कोंडाजीला वाचता येत नाही. सही, कागद यांचं त्याला काहीच वाटलं नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि त्याला पटलं.

मला वाटलं होतं, तो मला मारेल. मी त्याचसाठी गेले होते असंही म्हण. त्याने हात उचलला नाही. एवढंच म्हणाला, "तुमी पुन्यांदा ह्या गावात दिसू नगा." मी उठले. अंगणाच्या कडेला पोचले तेव्हा त्याने मागून विचारलं, "त्यो मानूस कुटं असतो?"

मी सांगितलं. बाजारातली गल्ली सांगितली, दवाखाना सांगितला, सकाळपासून तू खिडकीशी बसलेला असतोस आणि जो येईल त्याच्या चिठ्ठीसाठी हात बाहेर काढतोस तेही सांगितलं.

तो कधी येईल ते मी विचारलं नाही. कदाचित येणारही नाही. गरीब माणूस आहे, बायकोपोरं आहेत, भाताचं बघायचं आहे. कदाचित बाजाराला म्हणून निघेल. तुला हे कळवावं की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. नसतं कळवलं तर तू सुखाने औषधं भरत बसला असतास, तुंगीची मुलगी घरात आणली असतीस. म्हणून कळवते आहे. आता खिडकीत येणाऱ्या प्रत्येक खेडुताकडे तुला वर मान करून बघावं लागेल.

कोंडाजी दिसायला कसा आहे, ते मी लिहिणार नाही.

नंदा